गोठा, प्रयोगशाळा आणि गावची शीव



आषाढात कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात बेंदूर येतो. बैलांना नदीवर नेऊन धुतले जाते, शिंगे रंगविली जातात, अंगावर झुली चढतात आणि घरातल्या माणसाआधी पुरणपोळीचा घास बैलाच्या मुखी जातो. महाराष्ट्रात अन्यत्र श्रावणातील अथवा भाद्रपदातील अमावास्येला जो पोळा होतो, तोच कराड, वाळवा, खटाव, माण या भागांत बेंदूर म्हणून साजरा होतो. वर्षभर राबलेल्या मुक्या जिवाचे ऋण मान्य करण्याचा हा दिवस. परंतु याच सुमारास पाऊस जोर धरतो, गोठ्यात ओल येते, माश्या, डास आणि गोचीड वाढतात आणि घटसर्प, फऱ्या, तिवा या रोगांचे दिवस सुरू होतात. ज्या बैलाची वाजत-गाजत मिरवणूक निघाली, त्याला पावसाळ्यापूर्वी लस टोचली होती काय, हा प्रश्न मात्र त्या दिवशी फारसा कोणी विचारीत नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच प्रश्न आहे.

पशूंच्या आरोग्याची चिंता या भूमीला नवी नाही. अश्ववैद्यकात शालिहोत्राचे आणि गजवैद्यकात पालकाप्याचे नाव परंपरेने आदराने घेतले जाते. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे आणि त्याने प्रत्येक जनावराचा डाग, अंगावरची नैसर्गिक खूण, रंग, शिंगांतील अंतर यांची नोंद ठेवावी असे तेथे सांगितले आहे. आज गाईच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो, तेव्हा काही पशुपालक नाराज होतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की, जनावराची नोंद हा पशुरक्षणाचा आपल्याकडील फार जुना नियम आहे.

तथापि, आस्था होती आणि नोंदही होती, तरी एका रोगापुढे सारेच हतबल होते. तो रोग म्हणजे बुळकांडी. जनावराला तीव्र ताप येई, तोंडात व्रण पडत, रक्तमिश्रित हगवण लागे आणि आठवड्या-दीड आठवड्यात दावणीचे दावे रिकामे होई. ज्या कळपाने हा रोग पूर्वी पाहिलेला नसे, त्यातील शंभरापैकी ऐंशी-नव्वद जनावरे दगावत. बैल गेला की नांगर थांबे, मोट थांबे आणि रोगामागोमाग उपासमार येई. युरोपही यातून सुटला नव्हता. फ्रान्समध्ये लिऑन येथे १७६१ साली जगातील पहिले आधुनिक पशुवैद्यक विद्यालय स्थापन झाले, त्यामागे याच रोगाचा धाक होता.

हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. त्यानंतर १८८९ साली पुण्यात, तेथील विज्ञान महाविद्यालयात, एक जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा तो आरंभ होय. म्हणजे आज देशात अग्रगण्य असलेल्या या संस्थेचे बीज महाराष्ट्राच्या मातीत रुजले, ही गोष्ट आपल्याकडेही थोड्यांनाच ठाऊक आहे. भयंकर सांसर्गिक रोगांचे जंतू भर वस्तीत हाताळणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर या निर्जन, थंड ठिकाणी हलविण्यात आली. थोर जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८९७ साली तेथे भेट दिली होती.

याच मुक्तेश्वरात १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स या संशोधकाने बुळकांडीचा विषाणू एका बकऱ्यातून दुसऱ्या बकऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पुनःपुन्हा वाढविला. प्रत्येक पिढीगणिक तो बकऱ्याच्या शरीराला सरावत गेला आणि गुरांच्या बाबतीत मवाळ होत गेला. रोगाने मारण्याची त्याची शक्ती ओसरली, पण शरीराला सावध करण्याची शक्ती शिल्लक राहिली. हीच लस झाली. पुढे वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात ऊतिसंवर्धनावर वाढविलेली अधिक निर्धोक लस तयार केली. भारताने १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि कोट्यवधी जनावरांना लस टोचली गेली. देशातील शेवटचा उद्रेक १९९५ सालचा. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००६ साली भारत या संसर्गापासून मुक्त असल्याचे मान्य केले आणि २०११ साली सारे जगच बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली. मनुष्याने पृथ्वीवरून आजवर दोनच विषाणुजन्य रोग पूर्णपणे हद्दपार केले. एक माणसाची देवी आणि दुसरा गुरांची बुळकांडी.

हे यश लशीचे होते, हे अर्धेच सत्य आहे. लस तर १९२० च्या दशकातच हाती आली होती. रोग मात्र त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे टिकला. शेवटचा घाव बसला तो टेहळणीमुळे. १९९० च्या दशकात पशुवैद्यक आणि कर्मचारी गावोगाव फिरले, संशयित जनावरांची चौकशी झाली, रक्ताचे नमुने तपासले गेले, आणि जेथे धूर दिसला तेथे आग शोधली गेली. गोठ्यातल्या माणसाने खरे सांगितले, म्हणून प्रयोगशाळेला खरे कळले.

येथे जुन्या काळातील एक प्रथा आठवते. पटकीची साथ आली की, मरीआईचा गाडा वाजत-गाजत गावच्या शिवेपर्यंत नेला जाई आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडला जाई. पुढचे गाव तो तसाच पुढे ढकली. त्या भाबड्या लोकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या हाती दुसरा उपाय नव्हता. पण उपाय हाती असतानाही आजारी जनावर रातोरात बाजारात नेऊन विकणे म्हणजे आधुनिक काळात गाडा शिवेपलीकडे ढकलणेच होय. आपल्या दावणीचे दुखणे दुसऱ्याच्या दावणीला बांधले की, ते चार दिवसांनी माशीच्या पंखावर बसून आपल्याकडे परत येते.

लम्पी चर्मरोगाने हा धडा ताजा केला. १९२९ साली आजच्या झांबियात प्रथम नोंदला गेलेला हा रोग २०१९ साली भारतात, ओडिशात, दाखल झाला. २०२२ साली राजस्थान आणि गुजरातेत त्याने हाहाकार केला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जळगावच्या बाजूने तो महाराष्ट्रात पसरू लागला. पाहता पाहता सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गोठ्यांतही अंगभर गाठी आलेली, पाय सुजलेली, चारा सोडलेली जनावरे दिसू लागली. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या या रोगाला तालुक्याची सीमा कळत नव्हती. सप्टेंबरात संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, जनावरांचे बाजार आणि शर्यती बंद झाल्या. ज्यांचे वर्षाचे गणित बाजारावर अवलंबून असते, त्यांना हे जड गेले. दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये शासनाने दिले. पण चांगल्या दुभत्या गाईची किंमत याहून कितीतरी अधिक असते आणि घरच्या खिलाराची किंमत तर पैशांत होतच नाही.

त्या वेळी या रोगाची स्वतंत्र लस बाजारात नव्हती. लम्पीचा विषाणू हा शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा भाऊबंद. म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यात आली. राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशासाठी ही मोहीम राबविली गेली. दरम्यान हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी ‘लम्पी-प्रोव्हॅकइंड’ ही स्वदेशी लस सिद्ध केली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचे लोकार्पण झाले. रांची येथील आजारी जनावरांतून मिळालेला विषाणू पेशींवर पिढ्यानपिढ्या वाढवून मवाळ करण्यात आला. एडवर्ड्स यांनी बकऱ्यांवर जे केले, तेच शंभर वर्षांनी भारतीय शास्त्रज्ञांनी काचेच्या पात्रातील पेशींवर केले. डिसेंबर २०२२ मध्ये ही लस तयार करण्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार नागपुरात झाला. ज्या पुण्यातून १८८९ साली हा प्रवास सुरू झाला, तेथे तो असा परत आला.

या रोगाने आणखी दोन गोष्टी शिकविल्या. पहिली म्हणजे अफवेचा संसर्ग विषाणूहून वेगवान असतो. लम्पी माणसाला होत नाही आणि उकळलेल्या दुधाला त्यापासून धोका नाही. तरीही दुधाविषयी भय पसरले आणि फटका बसला तो ज्याची गाय धडधाकट होती त्यालाही. दुसरी म्हणजे एकदा लस दिली की काम संपले, ही समजूत खोटी आहे. मोहीम संपल्यानंतर जन्मलेल्या वासरांना लस मिळालेली नसते. २०२३ च्या पावसाळ्यात दक्षिण महाराष्ट्रात रोगाने पुन्हा डोके वर काढले तेव्हा वासरेच मोठ्या प्रमाणात बळी पडली.

कराडच्या परिसराला तर विशेष जागरूक राहावे लागते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, यशवंतनगरचा सह्याद्री कारखाना यांचा गळीत हंगाम सुरू झाला की, मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांचे तांडे बैलांसह येतात. शेकडो कोसांवरचे बैल एकाच पाणवठ्यावर येतात. पाठोपाठ नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास कराडचे कृषी व पशुपक्षी प्रदर्शन भरते. पुढे पुसेगावची यात्रा येते. हे सारे चालू राहिले पाहिजे. खिलाराचा वंश अशा यात्रांनीच जोपासला आहे. म्हणूनच लाळ्या-खुरकूत आणि लम्पी यांची लस टोचल्याखेरीज कोणतेही जनावर बाहेरगावी न नेणे आणि नवे जनावर आणल्यास किमान तीन-चार आठवडे वेगळे बांधणे, हा नियम प्रत्येक गावाने स्वतःहून पाळावयास हवा. ऊसतोड कामगाराचा बैल हा पाहुणा आहे. त्याला लस मिळाली तर यजमानाचाच गोठा सुरक्षित राहतो.

जे रोग गाजावाजा न करता येतात, त्यांचेही भान हवे. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू गाईचा गर्भ तर पाडतोच, पण पडलेला गर्भ आणि जार उघड्या हातांनी उचलणाऱ्या गृहिणीलाही तो ग्रासतो. वारंवार येणारा ताप आणि सांधेदुखी यांचे मूळ अनेकदा गोठ्यात असते, पण शोध मात्र दवाखान्यात चालतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना यासाठी आयुष्यात एकदाच लस दिली जाते. ती संधी हुकली की परत येत नाही. कासदाहाचेही तसेच. सड दगडासारखा होतो तेव्हा ‘दगडी’ झाली असे आपण म्हणतो, परंतु त्याआधी कितीतरी दिवस सुप्त रूपात तो दूध घटवीत असतो. चार कप्प्यांच्या थाळीत चारही सडांचे दूध घेऊन त्यात तपासणीचे द्रावण मिसळले की, आजारी सडाचे दूध घट्ट होते. एवढी सोपी चाचणी न करता थेट प्रतिजैविके टोचणे आणि त्याच गाईचे दूध दुसऱ्या दिवशी डेअरीला घालणे, हा गाईवर आणि ग्राहकावर दोघांवरही अन्याय आहे.

एका पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे अनेक गावांचा भार असतो, ही तक्रार खरी आहे आणि ती शासनापुढे मांडलीच पाहिजे. त्याचबरोबर कराडहून पुण्याकडे जाताना साताऱ्यापुढे शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून उभे आहे, याचेही स्मरण हवे. येडेमच्छिंद्रच्या त्या लढवय्या सुपुत्राचे नाव धारण करणाऱ्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी गावोगाव जावे आणि गावांनीही आपली दारे त्यांच्यासाठी उघडी ठेवावीत. जनावर अचानक दगावले तर ते घाईने पुरून मोकळे न होता नमुना तपासणीस गेला पाहिजे. तेथून कळणारे निदान शेजारच्या शंभर गोठ्यांचे रक्षण करते.

गाईला माता म्हणणाऱ्या समाजाने आईच्या आजारपणात जे करतो तेच करावे: दुखणे लपवू नये, वैद्याला वेळेवर बोलवावे आणि औषधाचा दिवस चुकवू नये. म्हणून प्रत्येक गावाने एक साधी रीत घालून घ्यावी. ज्येष्ठ संपण्यापूर्वी गावातील शेवटच्या जनावराला, मग ते कोणाच्याही दावणीचे असो, लस मिळालेली असावी आणि तशी नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेली असावी. मगच बेंदराला शिंगे रंगवावीत, झुली चढवाव्यात आणि पुरणपोळीचा घास द्यावा. त्या दिवशी वेशीतून जे बैल मिरवत जातील, ते पुढच्या बेंदरालाही त्याच वेशीतून मिरवत जावेत, एवढीच या सेवेची फलश्रुती आहे.