ओठ हलतात, आवाज नाही

लावणी आटोपली असेल, हात जरा मोकळे झाले असतील. म्हणून आज हिशोबाचं बोलत नाही, प्रार्थनेचं बोलतो.

आमच्या गटाची सभा दर महिन्याच्या ५ तारखेला. सुरुवात प्रार्थनेने. तुमच्याकडेही तसंच असेल. पण खरं सांगा, प्रार्थना चालू असताना तुमचं लक्ष कुठे असतं? आमच्यातल्या निम्म्याजणी पिशवीत पासबुक शोधत असतात. तोंडात देवाचं नाव आणि डोक्यात हप्ता.

आमच्यात एक मावशी आहेत. त्या कधी मोठ्याने म्हणायच्या नाहीत. हात जोडून, डोळे मिटून बसायच्या आणि नुसते ओठ हलायचे. आम्हाला वाटायचं, शिष्ट आहेत. एका सभेत आमच्यातली एक बोलूनच गेली, "आमच्या सुरात सूर मिसळायला कमीपणा वाटतो काय?" मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या दोन सभांना मात्र आल्या नाहीत. बचत नातीच्या हाती पाठवली.

त्याच दिवसांत आम्ही काहीजणी कामासाठी अलिबागला गेलो होतो. तिथे इस्रायल आळी आहे, त्यात ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे. आपल्या कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्रायल. दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आपल्याच गावांवरून आडनावं, घरात बोलणं मराठी. पूर्वी यांचा धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. पुष्कळ कुटुंबं इस्रायलला गेली, थोडी इथे आहेत. घरी परतल्यावर त्यांच्या प्रार्थनेविषयी मिळेल ते वाचलं, आणि त्यात हन्नाची गोष्ट भेटली.

एलकाना नावाच्या माणसाच्या दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नाला मुलं होती, हन्नाला नव्हती. पनिन्ना येताजाता टोमणे मारायची. नवरा प्रेमळ होता, पण तोही म्हणे, दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का? (आता यावर बाईने काय बोलावं!) दरवर्षी ते शिलो गावच्या देवस्थानाला जायचे. तिथे हन्ना एकदा रडत प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दाराशी एली नावाचा पुजारी बसला होता. त्याला वाटलं, ही बाई दारू पिऊन आलीय. तो तिला रागावला. तेव्हा हन्ना खाली मान घालून निघून गेली नाही. तिने सांगितलं, मी प्यायलेली नाही, मी दुःखी आहे, देवापुढे मन मोकळं करतेय. एलीला चूक कळली आणि त्याने तिला आशीर्वाद दिला.

ज्यू धर्मपंडितांनी या बाईकडून प्रार्थनेचे नियमच घेतले. मन लावून करावी, शब्द ओठांनी उच्चारावेत, पण आवाज चढवू नये. त्यांची मुख्य प्रार्थना अमिदा. दिवसातून तीनदा, पाय जुळवून, उभ्याने, जेरुसलेमकडे तोंड करून म्हणतात. ती हलक्या आवाजात म्हणायची पद्धत हन्नाची. जुन्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, बाई त्या दहात मोजत नाहीत. आणि प्रार्थना कशी करावी हे मात्र बाईकडून शिकले. आम्हाला याचं हसू आलं आणि रागही आला.

याच गोष्टीतून पंडितांनी आणखी एक नियम काढला, तो आम्हाला लागला. ज्याने दुसऱ्यावर खोटा संशय घेतला, त्याने त्याची समजूत काढावी, वर आशीर्वादही द्यावा. एवढं वाचल्यावर मावशींकडे गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आम्ही तिघी गेलो. "मावशी, चुकलं आमचं," म्हटलं. मावशी भाताची पेज ढवळत होत्या. म्हणाल्या, "अगं, मला ते शब्द पाठच होत नाहीत. शाळा दुसरीपर्यंत. चुकीचं म्हटलं तर तुम्ही हसाल, म्हणून मी आपलं माझ्या भाषेत मनात बोलते." आम्ही काय आशीर्वाद देणार, वयाने लहान. वाकून नमस्कार केला.

मग त्यांना सांगितलं, की ज्यूंच्या जुन्या नियमांतही अमिदा कुठल्याही भाषेत केलेली चालते. युक्रेनमध्ये रब्बी नाखमान नावाचे गुरू होऊन गेले, १७७२ ते १८१० हा त्यांचा काळ. ते शिष्यांना सांगायचे, रोज एकटे रानात जा आणि देवाशी आपल्या घरच्या बोलीत बोला. मावशी म्हणाल्या, "मग आपण गवताला जातो तेव्हा दुसरं काय करतो?"

आणखी एक शिकवण सांगायची राहिली. बाहेरगावाहून येताना गावातून आक्रोश ऐकू आला, तर आपण चटकन म्हणतो, देवा, माझं घर नको. ज्यू पंडित म्हणतात, ही प्रार्थना फुकट. जे घडायचं ते घडून गेलंय. आम्हाला त्यात आणखी एक दिसतं, माझं नको म्हणजे शेजारणीचं असू दे. वादळात होड्या बाहेर असतात, तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून आम्हीही हेच केलंय. ते आठवून दोन रात्री झोप लागली नाही. ज्यूंच्या प्रार्थनेत मागणं बहुतेक 'आम्हाला' असं असतं. आम्हाला बरं कर, आमचं ऐक. आणि शनिवारी अमिदातली रोजची मागणी गाळतात, आठवड्यातून एक दिवस मागणं बंद. हे आम्हाला अजून जमेलसं वाटत नाही.

त्यांचे जुने भक्त प्रार्थनेआधी तासभर थांबायचे, मन ठिकाणावर यावं म्हणून. तास आपल्याला परवडणार नाही, घरी चूल वाट बघते. आम्ही पाच मिनिटं ठरवली. पासबुकं आधी काढून ठेवायची, फोन बंद, मग गप्प बसायचं. पहिल्या वेळी दोघी हसल्या, एकीचं लेकरू रडलं, कुणाला तरी मध्येच शेळी बांधायची आठवण झाली. मग प्रार्थना. ज्यांना येते त्या मोठ्याने म्हणतात, बाकीच्या मनात.

५ तारखेला मावशी आल्या. मागेच बसल्या, भिंतीला टेकून. आम्ही बघितलं नाही असं दाखवलं, पण बघितलं. ओठ हलत होते.