हक्काची वाट मजुराला सापडावी

असोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. त्यांना अक्षरओळख नव्हती. समज मात्र अपार होती. परगावाहून मजुरीसाठी येणाऱ्या निरक्षर माणसांनाही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती इत्यादींना मोफत वकील मिळू शकतो. त्याची माहिती संकेतस्थळावर आहे. पण मजुरी बुडालेल्या मजुराला ती सापडते काय?

ग्रामपंचायतीने त्याच्या हाती फोन द्यावा आणि काहीही न सुचवता पाहावे. ‘विधी सेवा’ या शब्दांपाशी तो अडखळला, तर दोष शब्दांचा मानावा. अडलेली जागा जिल्हा प्राधिकरणास कळवावी. तोवर १५१०० हा मदत-क्रमांक चावडीवर ठळक लिहावा.