शब्द आणि त्यांचे सोबती

इंग्रजीची शालेय पायरी ओलांडलेला एखादा तरुण डोळ्यांपुढें आणावा. वर्तमानपत्र त्यास वाचतां येतें, कचेरींतील पत्राचा आशय समजतो, आणि चार माणसांत इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आला तर तो अगदींच मुका बसत नाहीं. अशा तरुणानें वरिष्ठांकडे रजेचा अर्ज लिहावयास घेतला. मनांत मराठी शब्द उभा राहिला, 'मागणें'. त्याचा इंग्रजी प्रतिशब्द म्हणून 'डिमांड' आठवला, आणि तो 'आस्क'पेक्षां भारदस्त वाटल्यामुळें अर्जांत जाऊन बसला. आपण नम्र विनंती केली अशी लिहिणाऱ्याची समजूत. वाचणाऱ्यास मात्र कोणी मेजावर मूठ आपटून हक्क सांगत आहे असा भास झाला. व्याकरण जागच्या जागीं होतें, शुद्धलेखन निर्दोष होतें, शब्दही ओळखीचा होता. फक्त त्या शब्दाचा स्वभाव त्या तरुणास ठाऊक नव्हता.

मधल्या पायरीवरील बहुतेक विद्यार्थ्यांचें दुखणें या जातीचें असतें. प्रारंभीं शब्द नसतात म्हणून अडतें. पुढें शब्द पुष्कळ होतात, पण ते एकटेदुकटे असतात. घरोघरीं यावर औषध दिलें जातें तें भलतेंच. जाड शब्दांची यादी, रोज दहा शब्द पाठ, आणि प्रत्येकासमोर एकच मराठी अर्थ! मुलगा महिनाअखेर तीनशें शब्द घडाघडा म्हणून दाखवितो, वडील संतुष्ट होतात, आणि निबंधांत त्यांतील एकही शब्द धड उतरत नाहीं.

शब्दसंख्येस महत्त्व नाहीं असें मात्र नव्हे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्क्यास शिक्षकांच्या प्रशिक्षणाचें काम करीत असत, आणि बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला होता. १९५३ सालीं त्यांनीं सुमारें दोन हजार अत्यंत उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण मजकुरांतील ऐंशी टक्क्यांच्या आसपास जागा हेच शब्द व्यापतात. ऐंशी टक्के हा आकडा ऐकावयास भरघोस वाटतो. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा कीं, दर पांचवा शब्द अनोळखी! पॉल नेशन यांनीं २००६ सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें कादंबरी किंवा वर्तमानपत्र निर्वेधपणें वाचावयाचें तर आठ ते नऊ हजार शब्दकुलें परिचयाचीं असावीं लागतात. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्याचीं लेकरें. दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंतची ही वाट लांबच लांब आहे, आणि तिच्यावरचा प्रत्येक नवा शब्द आधींच्या शब्दाहून क्वचित् भेटणारा. आपली प्रगति खुंटली असें ज्यास वाटूं लागतें, त्याची बुद्धि मंद झालेली नसते. वाटेवरचे शब्दच विरळ झालेले असतात.

मराठी विद्यार्थ्याजवळ या वाटेसाठीं एक शिदोरी आहे, पण ती त्याच्या ध्यानांत येत नाहीं. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे पांचही शब्द एकाच धातूचे, उपसर्गानें अर्थ पालटलेले, हें तो शाळेंत शिकलेला असतो. लॅटिनमधून इंग्रजींत आलेल्या शब्दांची घडण पुष्कळशी अशीच आहे. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणें. आंत डोकावून पाहिलें म्हणजे 'इन्स्पेक्ट', पुढें पाहिलें म्हणजे 'प्रॉस्पेक्ट', मागें वळून पाहिलें म्हणजे 'रेट्रोस्पेक्ट'; आणि ज्याच्याकडे पुन्हां वळून पाहावेंसें वाटतें त्याच्याविषयीं 'रिस्पेक्ट'. एक धातु हातीं लागला कीं चार शब्द आपोआप गोळा होतात. तथापि या किल्लीनें प्रत्येक कुलूप उघडेल असें मानूं नये. 'इन्फ्लेमेबल' यांतील 'इन' नकारार्थी समजून जो तेलाच्या पिंपाशेजारीं काडी ओढील, त्यास व्युत्पत्तीचा धडा फार महाग पडेल. संस्कृतांतही 'अनुत्तम' म्हणजे वाईट नव्हे, तर ज्याहून उत्तम दुसरें नाहीं तें.

परंतु धातु जाणल्यानें शब्द समजतो. वापरतां येतो असें नाहीं. वापरावयाचा तर त्याचे सोबती ओळखावे लागतात. मराठींत शपथ घेतात किंवा खातात, पैज लावतात, भाषण ठोकतात, आणि झोप लागते. कोणी परदेशी गृहस्थ 'मीं शपथ केली आणि मग मला झोप बसली' असें म्हणाला, तर अर्थ कळूनही ऐकणारा हंसेल. नेमका हाच प्रकार मराठी माणसाच्या इंग्रजींत होतो. परीक्षा 'दिली' म्हणून तो 'गेव्ह' लिहितो. इंग्रज विद्यार्थी परीक्षा 'घेतो', म्हणजे 'टुक' लिहितो. स्वप्न 'पाहिलें' म्हणून 'सॉ' येतो. इंग्रजींत स्वप्न नुसतें 'असतें', तेथें 'हॅड' हवा. दिवा बंद करावयाचा म्हणून 'क्लोज' म्हटलें जातें; तेथें 'टर्न ऑफ' पाहिजे. कडक चहास 'हार्ड' म्हणून चालत नाहीं, तो 'स्ट्राँग'. पण पाऊस जोराचा असला तरी 'स्ट्राँग' नव्हे, तो 'हेवी'. वारा मात्र पुन्हां 'स्ट्राँग'! याला नियम कोणता, असें विचारण्यांत अर्थ नाहीं. मराठींत लक्ष 'देतात', आणि इंग्रजींत तें पैशाप्रमाणें 'पे' करतात. व्यापारी राष्ट्रास हें शोभतें, असें एखादा विनोदी मनुष्य म्हणेल, पण त्यानें पाठांतर टळत नाहीं.

मोठ्या शब्दांचा पाठपुरावा करणाऱ्यांची खरी फजिती तर लहान शब्द करतात. 'पुट' आणि 'ऑफ' दोन्ही पहिल्या पुस्तकांतले. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें, आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें. मराठींत लिहून टाक, लिहून ठेव, लिहून दे, लिहून घे यांतील भेद पांच वर्षांच्या पोरासही कळतो. पण तो परक्यास समजावून सांगावयाचा म्हटला तर घाम फुटेल. येथेंही तसेंच. शिवाय कांहीं जोड्या भारतांत एका अर्थानें रुळल्या आहेत व इंग्लंडांत दुसऱ्या. येथील पदवीधर अभिमानानें 'पास आउट' झाल्याचें सांगतो. लष्करी शिक्षणाची गोष्ट सोडली, तर तिकडील श्रोता तो बेशुद्ध पडला असें समजतो.

शब्द असे सोबत्यांसह शिकवावयाचे तर कोशही तसा पाहिजे. तो प्रथम सिद्ध झाला जपानांत. तेथें इंग्रजी शिकविणारे ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे सहकारी यांनीं परभाषकांसाठीं रचलेला कोश १९४२ सालीं टोकियोंत निघाला, व १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो पुन्हां छापून जगभर नेला. कोणत्या क्रियापदामागें काय येतें, कोणतें नाम मोजतां येतें, हें त्यांत उदाहरणांनीं दाखविलें होतें. या जातीचा कोश घरांत असावा. इंग्रजी-मराठी कोश टाकून द्यावा असें नव्हे. अर्थाची पहिली ओळख मातृभाषेंत झटकन होते. पण 'डिमांड' आणि 'रिक्वेस्ट' यांतला भेद त्यास नुसत्या प्रतिशब्दानें दाखवितां येत नाहीं.

वाचावयाचें पुस्तक निवडण्याची एक सोपी कसोटी आहे. साधारण तीनशें शब्दांचें एक पान घ्यावें व अनोळखी शब्द मोजावे. पांच-सहा निघाले तर पुस्तक योग्य. तेवढ्यांचा अर्थ संदर्भावरून बहुधा उकलतो. तीस निघाले, तर तें वाचन नव्हे, कोश चाळण्याची मजुरी होय, आणि असलें पुस्तक केवळ प्रतिष्ठेसाठीं मुलाच्या हातीं देणें अन्यायाचें आहे.

वहींत सुटा शब्द कधींच लिहूं नये. 'अटेन्शन' नव्हे, 'पे अटेन्शन टु'. 'रिक्वेस्ट' लिहिला तर शेजारीं 'ग्रँट' व 'रिफ्यूज' हीं क्रियापदें. खालीं एक वाक्य, पण तें पुस्तकांतलें उतरून नव्हे, आपल्या घरचें: आजीच्या औषधाचें, गळक्या नळाचें, चुकलेल्या गाडीचें. एबिंगहाउस यांनीं १८८५ सालीं दाखवून दिलें कीं पाठ केलेलें बहुतेक प्रारंभींच झपाट्यानें विसरलें जातें. म्हणून दुसरे दिवशीं, आठवड्यानें, आणि मग महिन्यानें डावी बाजू हातानें झांकून आठवून पाहावें. नुसतें पुन्हां वाचूं नये. वाचतांना सारेंच येत असल्याचा भ्रम होतो. तिन्ही वेळां जें आठवलें त्यावर रेघ मारावी, जें अडलें तें पुढच्या पानावर पुन्हां लिहावें, मात्र नव्या वाक्यांत. आठवड्यास पंधरा-वीस जोड्या पुरेत. रजेच्या अर्जावर अडलेल्या त्या तरुणाच्या वहींत पहिल्या पानावर 'मेक अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' असावें, आणि 'डिमांड' त्याच पानावर तळाशीं, 'पेमेंट' या सोबत्याबरोबर.