जुनी जीप घेताय? आधी चासी वाजवून बघा

वसईत जुनी एमएम ५४० बघितली की पहिला प्रश्न ठरलेला: "टायर कोणते टाकू?" अहो, टायर नंतर! आधी गाडीखाली झोपा. आपल्याकडे अर्नाळ्यापासून वसईपर्यंत खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. वरून रंग चकाचक, आतून चासी कुजलेली. छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत वाजली तर ठीक, 'भद' वाजली तर तिथला पत्रा गेला. पाटे जिथे बसतात, तिथे नक्की ठोका. विकणारा नको म्हणाला तर चहा पिऊन घरी या. ताजं काळं कोटिंग दिसलं तर मला जास्तच संशय येतो.

मोठ्या टायरांनी तो जुना प्युजो डिझेल चढावर धापा टाकतो, ब्रेकवरही ताण येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. आणि १५ वर्षं झालेली गाडी नोंदणी वाढवायला आरटीओत दाखवावीच लागते.

तेव्हा पैसे आधी चासी, ब्रेक, बेअरिंगवर घाला. आणि कळंबच्या वाळूत जीप घालायची हौस नको. खारं पाणी हबमध्ये शिरलं, की नवं बेअरिंगही फार दिवस टिकत नाही.