खिडकीमागची वही



कामगार चळवळीतल्या माणसाने विद्यापीठाच्या मोबाईल अ‍ॅपवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण यंत्र सुरक्षित आहे की नाही, हे विचारण्यातच माझे आयुष्य गेले.

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या बोटीसाठी थांबलेला मुलगा आज निकाल, फी, प्रवेशपत्र, सारे मोबाईलवर पाहतो. त्याला दिसते ती नुसती खिडकी. वही असते दूर, सर्व्हरवर. खिडकीतून मागणी जाते आणि तिकडचा प्रोग्रॅम पान काढून देतो. मागणारा कोण, हे तो विचारतो. पण हे पान त्याचेच आहे काय, हे विचारायचे राहून जाते. मग आसन क्रमांकात एक मिळवला की शेजारच्या मुलीचा पत्ता आणि फोन समोर! ओवास्प या जाणकारांच्या संस्थेने अशा सेवांतील धोक्यांच्या याद्या केल्या. २०१९ आणि २०२३, दोन्हींत हाच दोष पहिला आहे.

नुसत्या अ‍ॅपला कुलूप घालून भागत नाही. अ‍ॅप वगळून थेट सर्व्हरकडे मागणी धाडता येते. म्हणून तपासनिसाने दोन खाती घ्यावीत आणि एकातून दुसऱ्याचे पान मागून पाहावे. तेही लेखी परवानगीने, बनावट नावे भरलेल्या प्रतीवर.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची ९४ हजारांहून अधिक प्रवेशपत्रे टेलिग्रामवर आली. पुढे एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला अटक झाली. आयोग म्हणजे विद्यापीठ नव्हे, पण वही त्याच मुलांची. चोराला पकडले हे योग्यच; मात्र दार आधी कोणी हलवून पाहिले होते काय, हा माझा प्रश्न.

१९४८ च्या कारखाना कायद्यात माणसांची ने-आण करणाऱ्या लिफ्टची दर सहा महिन्यांनी, यारीच्या दोर-साखळ्यांची दर वर्षी तपासणी आणि तिची नोंद बंधनकारक होती. दोर झिजला म्हणून ओरडणाऱ्या कामगाराला मुकादम कामचुकार ठरवी, तो भाग निराळा! आज दोष दाखवणाऱ्या विद्यार्थ्याची गत तीच. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम मालकाची परवानगी पाहते. चांगला हेतू सांगून जबाबदारी टळत नाही. म्हणून मुलांनो, परवानगीवाचून हात घालू नका. दोष सहज दिसला तर तिथेच थांबा, कोणाचे पान उतरवून घेऊ नका, आणि विद्यापीठाला किंवा सरकारच्या सर्ट-इनला कळवा.

२०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात निष्काळजीपणाला २५० कोटींपर्यंत दंड लिहिला आहे. तो सरकारी तिजोरीत जायचा. ज्याची माहिती फुटली त्या पोराला त्यातली दमडी नाही. तेव्हा आधीच विचारा. प्रवेशाच्या वेळी फीची पावती घेताना पालकांनी लेखी मागावे: तपासणी कधी झाली, कोणी केली, दुरुस्तीनंतर पुन्हा पाहिले काय, आणि दोष कळवणाऱ्याने कोणाकडे जावे? अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका.