शिक्का कोणत्या नोटरीचा?

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला कायद्यावर बोलायला उभे केले, याचे काहींना नवल वाटेल. मी वकील नाही, साधा कॉमर्सचा पदवीधर. पण मयत खातेदारांचे वारस नेहमी माझ्यासमोर येतात आणि त्यांच्या हातातले कागद मला पाहावे लागतात. त्यातला एक घोळ आपल्या जुन्या घराण्यांत फार दिसतो.

गोव्यात ‘नोटरी’ या एका शब्दामागे दोन वेगळे अधिकारी आहेत. पहिला म्हणजे १९५२च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला वकील. दुसरा सरकारी कचेरीतला स्पेशल नोटरी. ही पोर्तुगीज अमदानीतून आलेली व्यवस्था आहे. १९६१ नंतरही ती टिकली आणि आता गोव्याच्या २०१२च्या वारसा कायद्याखाली चालते.

वकील-नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो की, या माणसाने अमुक दिवशी माझ्यासमोर सही केली. मजकूर खरा असल्याची हमी त्यात नसते. “आम्ही तिघे भाऊच वारस” असे स्टॅम्प पेपरवर लिहिले आणि सावंतवाडीला दिलेल्या बहिणीचे नाव गाळले, तरी शिक्का तसाच गोल आणि तसाच जांभळा उमटतो! आपल्याकडे तर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, आणि सर्वसाधारणपणे संपत्तीचा अर्धा भाग हयात जोडीदाराचा. गाळलेली बहीण दहा वर्षांनी कोर्टात उभी राहिली, तर त्या कागदाचे काय होईल ते सांगायला नको.

वारस ठरवायचे तर स्पेशल नोटरीकडे वारसाहक्काचा दस्त करावा लागतो. आपण त्याला सक्सेशन डीड म्हणतो. तो कचेरीच्या दप्तरात राहतो आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल पुढेही मिळते. वारसांत वाद असेल, तर मामला कोर्टात इन्व्हेंटरीसाठी जातो. मृत्युपत्राचेही तेच. घरी लिहून वकील-नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे काम झाले, असे समजू नका. शिवाय मुलेबाळे असताना आपल्या हिश्श्याच्या निम्म्याचीच वाट मनाप्रमाणे लावता येते. बँकेत नॉमिनी असला तर पैसे त्याच्या हाती पडतात, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. यावरून सख्ख्या भावांची तोंडे फिरलेली मी पाहिली आहेत.

नावांची तर वेगळीच कथा. आजोबांच्या कागदावर नाईक हे आडनाव क्यू-यू-ई लावून लिहिलेले, प्रभूचे झाले पोरोब, आणि नातवाच्या आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र इथे उपयोगी पडते आणि ते वकील-नोटरीकडे करता येते. म्हणजे त्याचेही काम आहेच, फक्त ते कुठे संपते हे कळले पाहिजे.

ही काळजी आता कशाला? खोट्या कागदपत्रांवर जमिनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती जाधव यांचा आयोग नेमावा लागला. मालक मयत किंवा परदेशी, आणि वारसांनी पिढ्यान् पिढ्या कागद हलवलेला नाही, अशाच जमिनींवर डोळा होता. आपल्यापैकी कितीजणांच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचेच नाव आहे? हात वर करायला सांगत नाही.

वकील हवाच. जुने दस्त शोधणे, मसुदा करणे हे त्याचे काम. पण मसुदा असतो इंग्रजीत, आणि आपली आजी “सही कुठे करू?” एवढेच विचारते. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, तरी सरकारी कामात मराठी वापरण्याची मुभा त्यातच आहे. म्हणून मंडळाने स्पेशल नोटरींच्या कचेऱ्यांत दोन गोष्टी मागाव्यात: सक्सेशन डीड आणि मृत्युपत्राचे नमुने मराठीत मिळावेत, आणि मराठी जाणणाऱ्याला मजकूर मराठीत समजावून सांगितल्याची नोंद दस्तातच व्हावी. निवेदनाचा मसुदा मी आणला आहे. चहाच्या वेळी वाचून घ्या, पटले तरच सही करा.