डावा हात राखा



अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. सचिवांनी तो छापून तुमच्या हाती दिलाच आहे, म्हणून मी तो वाचत नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि ते बोलायला मी फार वर्षं थांबलो आहे. डायलिसिसवर येणाऱ्या मुलांच्या हातांची आपण नासाडी करतो आहोत.

१९६६ साली ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटावरचा फिश्चुला जगापुढे मांडला. धमनी शिरेला जोडली की दाबाने शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि तिच्यात पुन्हापुन्हा जाड सुया टोचता येतात. शरीराबाहेर नळी लोंबत नाही, म्हणून जंतुसंसर्गही कमी. पण त्यासाठी धड शीर हवी ना!

काल परिसंवादात बराच वेळ वाद चालला. फिश्चुला पंधरा किलोच्या मुलाला करावा की वीस किलोच्या? मला एक अकरा वर्षांचा मुलगा आठवत होता. जन्मतःच मूत्रमार्गात लघवी अडवणारा व्हॉल्व्ह. त्याची मूत्रपिंडं कधीतरी थांबणार, हे तो पाळण्यात असतानाच कळलेलं. माझ्याकडे आला तेव्हा वजन तुमच्या दोन्ही आकड्यांच्या वर होतं. मी दंडाला पट्टा बांधला, मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवत गेलो. दाबली जाईल अशी एक शीर लागेना. प्रत्येक तापाला, प्रत्येक ऑपरेशनला सलाईन तिथेच लागलेलं. घाईत कॉलरबोनखालून घातलेल्या नळीने आतली मोठी शीर आकसली होती, दंड सुजला होता, छातीवर निळं जाळं उमटलं होतं. आता सांगा, त्याचं वजन विचारून काय करू? सूक्ष्मदर्शकाखाली बारीक शिराही जोडता येतात. मेलेली शीर जोडता येत नाही.

मुलं सुईला घाबरतात, त्यापेक्षा डायलिसिससाठी मानेतली नळी बरी, असंही कुणी म्हणालं. बधिर करणारं मलम तासभर आधी लावा आणि मग बोला. माझ्या एका छोट्या रुग्णाचा फिश्चुला चालू लागला, नळी निघाली. तिने पहिला प्रश्न विचारला, "आता डोक्यावरून पाणी घेऊ?" नळी भिजू नये म्हणून कित्येक महिने तिची आंघोळ ओल्या फडक्यावर भागत होती. तो फिश्चुला झाला तिच्या आईमुळे. शेतमजुरी करणारी बाई, प्रत्येक सिस्टरला सांगायची, "डावा नको हो, बाई." त्यापायी वॉर्डावर बोलणी खायची, पण हटली नाही. आपल्या पदव्यांना जे जमलं नाही ते तिने केलं.

लवकरच मूत्रपिंड मिळणार असेल किंवा बाळ अगदी लहान असेल, तर नळी योग्यच. पण बसवलेलं मूत्रपिंड जन्मभर पुरेलच असं नाही. आज आठ वर्षांचं मूल चाळिशीत पुन्हा डायलिसिसवर येऊ शकतं, आणि शिरा याच राहणार. डायलिसिसविषयीच्या २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही आयुष्यभराचा आराखडा आधी मांडायला सांगतात.

डायलिसिसवर येणाऱ्या मुलांची राज्यभराची एक नोंदवही सुरू व्हावी. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. मी पाठीशी आहे. फिश्चुल्याला छोटं ऑपरेशन समजून दिवसाच्या शेवटी, सगळ्यात नवख्या हाती सोपवणंही थांबवा. ते अनुभवी हातांनी सकाळी व्हायला हवं.

पण खरी लढाई थिएटरात नाही, वॉर्डात आहे. मूत्रपिंडाचा जुनाट आजार ठरला त्याच दिवशी, डायलिसिस वर्षानुवर्षं दूर असलं तरी, मूल ज्या हाताने लिहीत नाही तो हात राखून ठेवा. सुई लावायचीच तर दुसऱ्या हाताच्या पंज्यामागे लावा. दंडातून लांब लाईन टाकू नका. कॉलरबोनखाली जाऊ नका. उद्या ड्यूटीवर गेलात की अशा प्रत्येक मुलाच्या फाइलवर लाल शाईने हे लिहा, आणि आईला समोर बसवून समजावून सांगा.